जुन्या डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट: काम सात तासांचं, धडा आयुष्यभराचा



गॅरेज टाकू इच्छिणाऱ्या मुलांसाठी परवा जो व्हिडिओ केला, त्यात टायमिंग बेल्टचा विषय मी दहा मिनिटांत उरकला. तेवढ्यात तो नीट मांडता आला नाही, म्हणून हा लेख. तुम्ही गॅरेज टाकणार नसाल, एसी रिपेअरिंग करणार असाल, मोबाइल दुरुस्त करणार असाल, तरी शेवटपर्यंत वाचा. कारण लेखातला निम्मा भाग बेल्टबद्दल आहे आणि निम्मा भाग दर कसा लावायचा आणि ग्राहकाला खरं कधी सांगायचं याबद्दल.

उदाहरणाला गाडी घेतोय पहिली स्कोडा ऑक्टाव्हिया, १.९ टीडीआय, ९० अश्वशक्तीची. का? तर एक म्हणजे ही गाडी आमच्या गावची पाहुणी. साधारण २००१ पासून तिचे सुटे भाग परदेशातून खोक्यांत भरून यायचे आणि जोडणी व्हायची आमच्या शेंद्रा एमआयडीसीत. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. दुसरं म्हणजे, अशा परदेशी डिझेल गाड्या आता तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आल्यात. स्वस्तात मिळतात, चालायला दणकट आहेत, पण मागचा हिशेब कोणाकडेच नसतो. बेल्ट कधी बदलला विचारलं की मालक म्हणतो, "घेतली तेव्हा चांगलीच होती की!"

आधी समजून घ्या: हा बेल्ट करतो काय?

इंजिनात खाली क्रँक फिरतो, तो पिस्टन वरखाली करतो. वर हेडमध्ये कॅम फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायला हवा. हे गणित एका दातानेही चुकून चालत नाही. क्रँक आणि कॅम यांना जोडून ठेवणारा दात्यांचा रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. या ऑक्टाव्हियात तोच पट्टा डिझेल पंपही फिरवतो आणि पाण्याचा पंपही. म्हणजे एक पट्टा आणि त्याच्या जिवावर तीन कामं.

गाडी हायवेला २००० आरपीएमवर चालली आहे असं धरा. कॅम मिनिटाला १००० फेरे घेतो. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सोळा-सतरा वेळा उघडतो आणि तेवढ्याच वेळा पिस्टनच्या वाटेतून बाजूला होतो.

आता डिझेलची गंमत बघा. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की तीच तापून डिझेल पेटवेल. या इंजिनात हा दाब १९.५ ला १ या प्रमाणात असतो. एवढं दाबायचं तर पिस्टन वर आल्यावर त्याच्या डोक्यावर जागा जवळपास उरतच नाही. अशा वेळी बेल्ट तुटला किंवा दाते सरकले तर कॅम थांबतो, पण पिस्टन थांबत नाही. उघडा राहिलेला व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकमेकांवर आदळतात. या इंजिनात आठ व्हॉल्व्ह आहेत, त्यातले बरेचसे एका क्षणात वाकतात. कधी गाइड फुटतं, कधी पिस्टनलाही मार बसतो.

आणि हे सगळं होताना आधी काही आवाज येईलच असं नाही. चेन ढिली झाली की खडखडते. बेल्ट शेवटपर्यंत गप्प असतो.

बदलायचा कधी?

प्रत्येक गाडीच्या पुस्तकात किलोमीटर दिलेले असतात, आधी ते बघायचे. पण रबर फक्त चालून झिजत नाही, वयानेही म्हातारं होतं. इंजिनाची उष्णता, एखाद्या सीलमधून झिरपणारं ऑइल, कूलंट, यांनी ते लवकर खराब होतं. म्हणून जुन्या टीडीआयसाठी आमच्या गॅरेजचा नियम साधा आहे: ६०,००० किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी होईल ते. आणि मागची नोंद नसेल तर गाडी घेतल्याबरोबर पहिलं काम बेल्ट. टायर, सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम नंतर.

माझी चूक

२०१६ ची गोष्ट. वडिलांचं स्पेअर पार्ट्सचं दुकान होतं, मी बीबीए करून त्यातच बसलो आणि मागच्या जागेत एक छोटं गॅरेज सुरू केलं. हाताखाली एक जुने मेकॅनिक होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पदवी नाही, पण इंजिनाला कान लावून सांगायचे काय दुखतंय ते.

एक शिक्षक ऑक्टाव्हिया घेऊन आले. गाडी तिसऱ्या मालकाची, म्हणजे त्यांची. दोन-तीन ठिकाणी भाव विचारून आले होते. "एवढ्यात होत असेल तर करा," म्हणाले. मला काम सोडायचं नव्हतं. नवीन गॅरेज, हातात गाड्या कमी. मी फक्त बेल्टचा भाव दिला. रोलर, टेन्शनर, वॉटर पंप सगळं जुनंच ठेवायचं ठरलं.

संध्याकाळी गाडी उघडलेली असताना चाचांनी मला हाक मारली. रोलर बोटाने फिरवून दाखवला. म्हणाले, "भैया, सुनो. आवाज कर रहा है." मी ऐकलं. बारीक घरघर होती. पण भाव ठरलेला, आता फोन करून पैसे वाढवून मागायचे म्हणजे ग्राहक चिडणार, असं मला वाटलं. मी म्हणालो, "चाचा, राहू द्या. चालेल."

पाच महिने चालला. मग एका रविवारी बीड रोडवर रोलरचं बेअरिंग जाम झालं. त्याने बेल्टचे दाते ओरबाडले आणि गाडी चालता चालता बंद पडली. गाडीत त्यांची आई होती, मुलं होती. नशिबाने मागे ट्रक नव्हता. टोचन करून गाडी माझ्याच दारात आली.

हेड खोललं. व्हॉल्व्ह वाकलेले. नवा बेल्ट मी टाकला होता, तो खराब नव्हता. त्याच्या शेजारचा जुना रोलर गेला होता. बिलावर स्पष्ट लिहिलं होतं, "फक्त बेल्ट". कायद्याने कदाचित मी सुटलोही असतो. पण सरांनी मला एकच प्रश्न विचारला, "त्या दिवशी तुम्हाला हे माहीत होतं का?"

चाचा तिथेच उभे होते. मी खोटं बोलू शकलो नाही. म्हणालो, "हो सर, माहीत होतं."

मजुरी मी पूर्ण सोडली, पार्ट्सचे निम्मे पैसे भरले. गाडी अकरा दिवस माझ्या एकुलत्या एक बेमध्ये अडकली, त्या दिवसांतली बाकीची कामं गेली ती वेगळीच. घरी वडील काही बोलले नाहीत, फक्त संध्याकाळी गल्ला मोजताना म्हणाले, "एक फोन किती रुपयांना पडला रे?"

त्या दिवसापासून काम कसं करायचं आणि भाव कसा द्यायचा, दोन्ही बदललं. तेच आता सांगतो.

काम कसं होतं: टप्प्याटप्प्याने

हे वाचून लगेच पाना हातात घेऊ नका. जाणकार माणसाच्या हाताखाली दोन-चार वेळा करा. पण मालक म्हणून तुम्हाला प्रत्येक टप्पा माहीत पाहिजे, नाहीतर तुम्ही भावही बरोबर देऊ शकणार नाही.

१. इंजिन थंड पाहिजे. बॅटरी काढा, उजवं पुढचं चाक आणि खालचं कव्हर काढा. अल्टरनेटरचा बेल्ट आणि त्याचा टेन्शनर सोडवा. क्रँकवरची पुली चार बोल्टने बसलेली असते, ते चार काढले की पुली येते. मधल्या मोठ्या बोल्टला हात लावायची गरज नाही. नवीन मुलं नेमकी तिथेच ताकद लावतात.

२. वरचं व्हॉल्व्ह कव्हर काढा, कॅमच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाचा व्हॅक्युम पंप काढा. तिथे कॅमला एक खाच दिसते.

३. इंजिन हाताने फिरवून पहिला पिस्टन वर आणा. गिअरबॉक्सच्या खिडकीतून फ्लायव्हीलवरची खूण बघा. अंदाजाने नाही, खूण बरोबर जुळली पाहिजे. मग कॅमच्या खाचेत लॉकिंग प्लेट बसवा आणि डिझेल पंपाच्या पुलीत पिन घाला. आता कॅम आणि पंप दोन्ही बांधले गेले.

४. इंजिनाला खालून लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्या, कारण उजवीकडचा माउंट आणि त्याचं ब्रॅकेट काढल्याशिवाय बेल्ट बाहेर येतच नाही. हा टप्पा वेळ खातो. "बेल्टच तर बदलायचाय, एक तासाचं काम" असं म्हणणाऱ्याला हा माउंट दाखवा.

५. टेन्शनर ढिला करा, बेल्ट काढा. कॅमची पुली शंकूसारख्या टोकावर बसलेली असते. तिचा बोल्ट थोडा सैल करून पुली हलकेच मोकळी करायची, म्हणजे नवा बेल्ट सगळीकडे सारखा ताणला जातो. बोल्ट सैल करताना पुली धरायला वेगळं हत्यार असतं, तेच वापरा. लॉकिंग प्लेटच्या भरवशावर जोर लावलात तर कॅमचं टोक तुटू शकतं.

६. आता नवीन माल: बेल्ट, टेन्शनर, रोलर, वॉटर पंप आणि माउंटचे बोल्ट. हे बोल्ट ताणून बसणारे असतात, एकदाच वापरायचे. नवा बेल्ट पिळायचा नाही, मुडपायचा नाही, स्क्रू ड्रायव्हर घालून चढवायचा तर अजिबात नाही. आतले धागे तुटले तर बाहेरून दिसत नाही.

७. टेन्शनरवर एक काटा आणि एक खाच असते. दोन्ही जुळतील एवढाच ताण द्या. नट २० न्यूटन-मीटर, कॅमचा बोल्ट ४५ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच वापरा. "हाताला कळतं" हे वाक्य माझ्या गॅरेजमध्ये बंद आहे.

८. लॉक काढा. क्रँक पान्याने, हाताने, सरळ दिशेला दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, थांबा. अडलं म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलाय. फेरे झाले की खूण परत बघा, प्लेट परत बसते का बघा. बसली तरच पुढे. हे दोन फेरे पाच मिनिटांचे आहेत आणि ते इंजिन वाचवतात.

९. सगळं जोडा. कूलंट भरताना कंपनीने सांगितलेलाच प्रकार घ्या, लाल-गुलाबीमध्ये हिरवं मिसळलं तर आत गाळ होतो. इंजिन गरम झाल्यावर स्कॅनर लावून डिझेल पंपाचं टायमिंग तपासा. गाडी नुसती सुरू झाली म्हणजे काम झालं असं नाही. पंप जरा जरी पुढेमागे असला तर सकाळी उशिरा सुरू होते, धूर टाकते, आणि ग्राहक परत येतो.

एक सूचना. पुढच्या काळातल्या १.९ टीडीआय गाड्यांत, लॉरात वगैरे, पंप-इंजेक्टरवालं इंजिन आहे. नाव सारखं असलं तरी त्याची लॉकिंग हत्यारं वेगळी. गाडीवरचं नाव बघून नाही, इंजिनचा कोड बघून माल आणि हत्यारं मागवा.

आता हिशेब: इथेच धंदा बुडतो किंवा तरतो

खालचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत. तुमचे आकडे तुम्ही घाला.

समजा एका बेचं गॅरेज आहे. भाडं १८,०००, एक मेकॅनिक आणि एक हेल्पर यांचा पगार ४५,०००, वीज-फोन-चहा-किरकोळ १२,०००, कर्जाचा हप्ता १०,०००, आणि तुमचा स्वतःचा पगार ३५,०००. हो, तुमचाही पगार धरायचा. एकूण १,२०,०००.

महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. पण त्यातले सगळे तास बिलावर येत नाहीत. पार्ट्सची वाट बघणं, भाव सांगणं, झाडलोट. १२५ तास बिलावर आले तरी चांगलं. १,२०,००० भागिले १२५ म्हणजे तासाला ९६० रुपये. सोयीसाठी १,००० धरा. हा तुमच्या एका तासाचा खर्च आहे, नफा नाही.

आता दोन कामं शेजारी ठेवून बघा.

पहिलं, "फक्त बेल्ट". बेल्ट २,२०० ला आणला, २,७०० ला विकला. मजुरी घासाघीस करून ३,५००. हातात आले ५०० अधिक ३,५००, म्हणजे ४,०००. वेळ लागला ७ तास, म्हणजे खर्च ७,०००. तुम्ही ३,००० रुपये खिशातून घालून काम केलंत आणि वर धोकाही घेतलात.

दुसरं, पूर्ण संच. बेल्ट, टेन्शनर, रोलर, वॉटर पंप, बोल्ट, कूलंट मिळून १२,००० चा माल, १३,८०० ला विकला. मजुरी ७,०००. हातात ८,८००, खर्च ७,०००. वर १,८०० उरले. त्यातले ५०० हत्यारांच्या डब्यात आणि ५०० "चुकलं तर" डब्यात टाका.

लक्षात आलं का? बेल्टपर्यंत पोचायलाच सगळा वेळ जातो. एकदा पोचल्यावर रोलर आणि पंप बदलायला फार वेळ लागत नाही. म्हणून पूर्ण संच ग्राहकालाही स्वस्त पडतो. सहा महिन्यांनी पंप गळायला लागला तर त्याला तीच ७,००० ची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. हे गणित कागदावर मांडून ग्राहकाला दाखवा. दहा भाषणांपेक्षा एक कागद बरा.

हत्यारांचंही तसंच. लॉकिंग संच आणि पुली धरायचं हत्यार मिळून ८,००० ला पडलं असं धरा. दर कामामागे ५०० बाजूला टाकले तर सोळा कामांत वसूल. म्हणून सुरुवातीला सगळ्या गाड्या करायच्या नादी लागू नका. एक इंजिन निवडा, त्यात नाव कमवा.

आमच्या गॅरेजचे पाच नियम

पहिला: "फक्त बेल्ट" हे काम आम्ही घेत नाही. ग्राहक समोरच्या गॅरेजमध्ये गेला तर जाऊ दे. नाही म्हणताना आवाज चढवायचा नाही, कारण सांगायचं.

दुसरा: भाव देताना एक ओळ नेहमी लिहायची. "उघडल्यावर आणखी काही खराब दिसल्यास फोटो पाठवून विचारू, परवानगीशिवाय काम करणार नाही." ही ओळ असली की फोन करायची लाज वाटत नाही. माझ्याकडे २०१६ ला ती नव्हती.

तिसरा: ग्राहक नाही म्हणाला तर ते जॉब कार्डवर लिहून सही घ्यायची. पण सही म्हणजे ढाल नाही. ज्यामुळे इंजिन जाईल असं आपल्याला दिसतंय, ते सही घेऊनही आम्ही तसंच जोडून देत नाही.

चौथा: जुने पार्ट्स खोक्यात घालून ग्राहकाच्या हातात द्यायचे. रोलर त्याच्याच बोटाने फिरवून दाखवायचा. माल पक्क्या बिलाचाच घ्यायचा. नकली बेल्ट खोक्यावरून ओळखू येत नाही, बिल देणारा दुकानदार मात्र ओळखू येतो. मी स्वतः दुकानदार आहे म्हणून सांगतो.

पाचवा: बॉनेटखाली स्टिकर लावायचा. तारीख, किलोमीटर, पुढचा बेल्ट कधी. तीच नोंद वहीत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वही उघडायची आणि ज्यांचं काम जवळ आलंय त्यांना फोन करायचा. जाहिरातीवर एक रुपया खर्च न करता येणारं काम म्हणजे ही वही.

शेवटी

बीबीएला आम्हाला शिकवलं होतं की खर्च दोन प्रकारचे, स्थिर आणि बदलता. तिसरा प्रकार मला रोलरने शिकवला: न केलेल्या फोनचा खर्च. तो कुठल्याच वहीत दिसत नाही, पण वसूल पुरेपूर होतो.

ते सर अजूनही माझ्याकडेच येतात. गाडी बदलली, गॅरेज बदललं नाही. चाचा आता निवृत्त झालेत. पण कुठलाही नवीन मुलगा कामाला लागला की मी पहिल्या दिवशी त्याच्या हातात तो जाम झालेला रोलर देतो. अजून ठेवलाय, गल्ल्याच्या शेजारी.

तुमच्या धंद्यातला असा "रोलर" कुठला आहे, तो आज शोधा. जी गोष्ट तुम्हाला दिसली आहे पण ग्राहकाला सांगितलेली नाही, ती एका कागदावर लिहा आणि उद्या सकाळी पहिला फोन त्याच ग्राहकाला करा.

पुढच्या व्हिडिओत जॉब कार्ड कसं बनवायचं ते दाखवतो. वही-पेन घेऊन बसा. भेटू!